बोल्टांचं वाळवण

शरयू बोंद्रेने नवऱ्याला न विचारता आयुष्यात एकच मोठी वस्तू विकत घेतली, आणि ती गॅरेजमध्ये ढकलायला चार माणसं लागली.

२००४ सालच्या दसऱ्याची गोष्ट. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला त्यांच्या भाड्याच्या घरापासून तिसऱ्या घराच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली ती गाडी पडून होती. १९६९ ची नोव्हा. दोन दारांची, लांब नाकाची, पुढे आठ सिलिंडरचं दणदणीत इंजिन. एके काळी अमेरिकन पोरं असल्या गाड्या सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या करायची आणि दिवा हिरवा झाला की कोण आधी सुटतो ते बघायची. मसल कार म्हणत त्यांना. ही मात्र अकरा वर्षं जागची हलली नव्हती. मालकीणबाई घर विकून लेकीकडे निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या नऊशे डॉलर, शरयू म्हणाली आठशे, आणि पुण्याची नोकरी सोडताना मिळालेल्या प्रॉव्हिडंट फंडातले शिल्लक पैसे तिने तिथल्या तिथे मोजून दिले.

यतीन संध्याकाळी ऑफिसातून आला तेव्हा त्याच्या गाडीच्या जागी हे धूड बसलेलं होतं.

"शरयू, हे काय आहे?"

"नोव्हा."

"चालते?"

"नाही."

"मग घेतलीस कशाला, यार?"

"आज दसरा आहे. लोक नवी गाडी घेतात, मी जुनी घेतली."

यतीन चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर होता. स्वभावाने गरीब. समोरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याकडून तारीख काढून घ्यावी, असं तो नोकरीत शिकला होता. त्याने शांतपणे विचारलं, "कधी चालेल?"

आता इथे थोडा विचार करून बोलायला हवं होतं. पण शरयूची जीभ नेहमीच तिच्या दोन पावलं पुढे असायची. "पुढच्या दसऱ्याला," ती म्हणाली. "त्या दिवशी ही स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली नाही, तर विकून टाकू. शब्द देते."

शब्द दिला आणि मग ती बोनेट उघडून बघायला गेली. आत उंदरांनी वायरी कुरतडून घर केलं होतं.

ही बाई काही छंद म्हणून हे करत नव्हती, हे आधी सांगायला पाहिजे. भोसरीच्या एका कारखान्यात तिने अकरा वर्षं डिझेल इंजिनांच्या चाचणीचं काम केलं होतं. इंजिन बाकावर चढवायचं, सुरू करायचं आणि कान द्यायचा. कुठला सिलिंडर कुरकुर करतोय ते शरयू मीटर बघायच्या आधी सांगायची आणि मीटर मागाहून तिच्या हो ला हो म्हणायचं. मग यतीनला अमेरिकेची नोकरी लागली, आणि त्याच्या व्हिसाच्या शेपटाला शरयूचा व्हिसा बांधून आला. त्यावर नोकरी करायला मनाई. स्वयंपाक, शिवण, बागकाम, शेजारणीला पोळ्या शिकवणं, कशालाच सरकारची हरकत नव्हती, फक्त तिच्या कामाचे कुणी पैसे देता कामा नयेत. पहिल्या वर्षी तिने घर इतक्या वेळा झाडलं की गालिच्याचे धागे सुटायला लागले. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती "काही नाही" म्हणायची. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायला मात्र कुठलाच कायदा आडवा येत नव्हता. शरयूने ते सगळे कागद दोनदा वाचून बघितले होते.

तिला एकच हवं होतं. आपल्या हाताने जुळवलेलं इंजिन सुरू झालेलं पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

महिन्याचे शंभर डॉलर ठरले. त्यासाठी टीव्हीची केबल गेली, शुक्रवारचा पिझ्झा गेला. यतीनची गाडी बाहेर उन्हात गेली, आणि ॲरिझोनाचं ऊन असं की स्टिअरिंगला हात लाववेना. तेव्हा तो ओव्हनमधलं भांडं काढायचे जाड हातमोजे घालून ऑफिसला जायला लागला. फुलाफुलांचे हातमोजे होते. त्याने तक्रार केली नाही.

ऊन तसं शरयूच्या बाजूचंही होतं. त्या कोरड्या हवेत अकरा वर्षांत लोखंडाला गंज धरला नव्हता. रबर, सीटा, डॅशबोर्ड, सगळं पापडासारखं कडकडीत होऊन मोडत होतं, पण सांगाडा शाबूत होता. बाकीचं ती हेक्टरच्या यार्डातून आणायची. फीनिक्सच्या दक्षिणेला मैदानभर मोडक्या गाड्या, दारात दोन डॉलर द्यायचे, आपले पाने आपण न्यायचे आणि हवा तो भाग स्वतः खोलून काढायचा. साडेतीन तास गाडीखाली उताणी पडून ही बाई ब्रेकचा ड्रम काढून आणते, हे हेक्टरने दोनदा बघितलं. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "इथे नोकरी करतेस का?" शरयूने व्हिसाचं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुझ्याकडून दारातले दोन डॉलर तरी कशाला घेऊ?" त्या दिवशी ती घरापर्यंत गुणगुणत आली.

कामाची तिची पद्धत कारखान्यातली होती. काढलेला एकही बोल्ट मोकळा ठेवायचा नाही. दह्याचे मोठे प्लॅस्टिकचे डबे कुठल्या मराठी घरात नसतात? मंडळातल्या बायकांकडूनही तिने ते गोळा केले. एकेका डब्यात एकेका जागेचे बोल्ट आणि वर चिठ्ठी: 'उजवं मडगार्ड, वरून', 'रेडिएटर, डावीकडचे चार, पहिला लांब'. मार्चअखेर फडताळावर त्रेपन्न डबे ओळीने उभे होते. अडकून बसलेलं इंजिनही एकोणीस दिवस तेल पाजल्यावर जानेवारीत फिरलं होतं. ते हाताने गर्रकन फिरलं तेव्हा शरयूने यतीनला ऑफिसात फोन केला आणि तो मीटिंगमधून उठून बाहेर आला, कारण त्याला वाटलं घरी काहीतरी झालं.

एप्रिलच्या मध्यावर यतीनच्या आई आल्या. सहा महिन्यांसाठी.

रत्नाबाई सातारच्या. बासष्ट वर्षांच्या, बारीक चणीच्या, आणि रिकामं बसणं त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजमागची भिंत पुसली. पाचव्या दिवशी यतीनला ऑफिसला सोडून शरयू त्याचीच गाडी घेऊन हेक्टरकडे गेली होती, तेव्हा त्यांनी गॅरेजचं दार उघडलं. बघतात तर पन्नासेक डबे, आत काळेकुट्ट तेलकट खिळेमोळे, वर मळक्या चिठ्ठ्या. सुनेला बिचारीला वेळच मिळत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी पदर खोचला.

शरयू चार वाजता परत आली आणि गाडी दारातच थांबली. गाडी लावायच्या सिमेंटवर दोन जुन्या चादरी पसरल्या होत्या, कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, आणि चादरींवर ओळीने, चकचकीत, उन्हात चमकत तिचे सगळे बोल्ट वाळत पडले होते. लहान एका बाजूला, मग मधले, मग मोठे. कुरडयांचं वाळवण घालावं इतकं व्यवस्थित. शेजारी स्टुलावर छत्री धरून रत्नाबाई राखण करत होत्या.

"साबणाने जाईना, मग चिंच लावली," त्या म्हणाल्या. "आता बघ कसे दिसतायत. सहा डब्यांत बसतील सगळे, आकाराप्रमाणे लावलेत. उरलेले डबे डाळींना घेतलेत मी."

"आणि चिठ्ठ्या?" शरयूने विचारलं.

"कुठल्या? ते तेलकट कागद? टाकले गं."

एखाद दुसरं कबूतर चादरीच्या कडेला उतरलं, त्याला रत्नाबाईंनी सवयीने हात हलवून हाकललं. बोल्टांवर चोच मारून त्याला काय मिळणार होतं कोण जाणे.

शरयू म्हणाली, "छान झालंय, आई." मग आत जाऊन तिने बाथरूमचं दार लावलं आणि ती टॉवेल तोंडात धरून रडली. सहा महिन्यांचं काम होतं ते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शरयूने घर डोक्यावर घेतलं असतं. पण सासू साता समुद्रापलीकडून आलेली, पाच दिवसांची पाहुणी, कंबर मोडेस्तोवर मायेने काम केलेली. तिला काय बोलणार? न बोललेला राग सुनेच्या पोटात किती दिवस टिकतो ते सुनांनाच विचारावं.

तीन आठवडे ती गॅरेजमध्ये गेलीच नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या, भाजी केली, मंडळातल्या बायकांच्या घरी रत्नाबाईंना हिंडवून आणलं. गाडीचा विषय निघाला की म्हणायची, "बघू." अशातच यतीनच्या ऑफिसातला गिरीश जेवायला आला. दुसऱ्याच्या अडचणीत स्वस्त सौदा शोधायची त्याला भारी हौस. गॅरेजमध्ये डोकावून तो म्हणाला, "वहिनी, हे फुल टाइम मेकॅनिकचं काम आहे हो. माझ्या ओळखीचा एक आहे. दसऱ्याचं तुमचं डील मला यतीनने सांगितलंय. नाही झाली तर मीच घेतो. बाराशे देईन, तुम्हाला प्रॉफिटच." शरयूने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. ती भांडली नाही, याचीच यतीनला जास्त काळजी वाटली.

त्या रविवारी त्याने आईला सगळं सांगितलं. कुठला बोल्ट कुठे हे त्या चिठ्ठ्यांवर होतं, चारशे भोकं आणि चारशे बोल्ट, आता जुळवायचे कसे. रत्नाबाईंनी ऐकून घेतलं. हातातला पालक निवडायचा त्यांनी थांबवला नाही, पण जुडी संपल्यावर चांगली पानं कचऱ्यात आणि देठं भांड्यात पडली आहेत हे यतीनला दिसलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या.

सोमवारी पहाटे पाचला शरयूच्या दारावर टकटक झाली. रत्नाबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"ऊठ. ऊन चढायच्या आत बसू."

"कशाला, आई?"

"बोल्टांना."

गॅरेजमध्ये त्यांनी सतरंजी अंथरली होती आणि मधे सहा डबे मांडले होते. शरयूने डबे बघितले आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. "नाही होणार हो, आई. खूप आहेत."

"मी लाख वाती केल्यात," रत्नाबाई म्हणाल्या. "यतीन दहावीत होता तेव्हा. कापूस पिंजून, हाताने वळून, एक लाख. नऊ महिने लागले. तुझे बोल्ट चारशे बारा आहेत. मीच धुतलेत, मला माहितेय."

लाख वातींचा नेम शरयूला ऐकून माहीत होता, पण तो करतात कसा ते तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"रोज बसायचं. मन असो नसो. ताप असला तर एक वात, पण एक तरी करायचीच. आणि राहिल्या किती ते बघायचं नाही, झाल्या किती तेवढंच लिहायचं. मी राहिलेल्या मोजल्या असत्या तर आठवड्यात कापूस फेकून दिला असता." त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर एक रेघ मारली. "आजची ही पहिली. आता सांग, या बोल्टाचं भोक कुठलं?"

झालं ते असं. भोकांनीच बोल्ट ओळखले. वॉशर बसलेल्या जागी पत्र्यावर गोल वळ उठलेला असतो, कुठे रंगाचा थेंब, कुठे आट्यांची खोली. रत्नाबाईंची नजर त्यात पटाईत निघाली. तुटलेलं बटण कुठल्या पोलक्याचं ते ओळखावं तसं त्या बोल्ट वळावर ठेवून बघायच्या आणि "हा नव्हे" म्हणून बाजूला करायच्या. पहिल्या दिवशी अकरा जमले. दुसऱ्या दिवशी चौदा. एके दिवशी दोघींना मिळून एकच सापडला, तर रत्नाबाईंनी एकच रेघ मारली आणि तेवढ्यावर समाधानाने उठल्या. जुळलेले बोल्ट ठेवायला त्यांनी जुन्या पोलक्यांच्या पुरचुंड्या शिवल्या आणि त्यांना आपली नावं दिली: नाकाचे, डाव्या कानाचे, पोटाखालचे, शेपटाचे. आठवड्याभरात शरयूही "आई, नाकाचे द्या" असं म्हणायला लागली. यतीन पहाटे ओव्हनचे हातमोजे शोधत यायचा, तेव्हा दोघी पाठमोऱ्या बसलेल्या दिसायच्या आणि तो पाय न वाजवता परत जायचा.

जूनच्या शेवटी चारशे पाच बोल्ट जुळले. सात कुठलेच नव्हते. रत्नाबाईंना त्या सातांची रुखरुख लागली, पण शरयूने सांगितलं की सात उरणं म्हणजे काहीच नाही, तिच्या कारखान्यात यापेक्षा जास्त उरायचे.

बोल्ट संपले, नेम संपला नाही. आता रोज एक काम. ब्रेकची नळी, नाहीतर खिडकीची एक काच, नाहीतर हाताच्या तळव्याएवढा पत्रा घासणं. जुलैत पारा शेहेचाळीसवर गेला, पहाटे पाचलाही गॅरेजची भिंत गरम लागायची. ऑगस्टमध्ये धुळीचं वादळ आलं आणि नुकताच पुसलेला कार्ब्युरेटर पुन्हा पुसावा लागला. एकदा शरयूला खरंच ताप आला, तेव्हा रत्नाबाईंनी एक बोल्ट आणि पाना तिला बिछान्यात आणून दिला. नट लावून आटे नीट आहेत का ते बघ म्हणाल्या, आणि जाऊन भिंतीवर रेघ मारून आल्या. शरयू तापात हसत होती.

हेक्टरला सासूबाईंची कथा कळली तेव्हा त्याने त्यांना बघायचा हट्टच धरला. रत्नाबाई बेसनाचे लाडू घेऊन गेल्या. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळलं नाही, तरी अर्धा तास बोलत होते. निघताना त्याने दाराचं एक चमचमतं हँडल फुकट दिलं आणि ते रत्नाबाईंच्या हातात ठेवलं, शरयूच्या नाही.

इतक्या महिन्यांत त्या दोघी जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलल्या. वाळवणाच्या त्या दिवसावर मात्र एकदाही नाही. शरयूचा राग केव्हाच मावळला होता, पण कुठेतरी कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखा तो अधूनमधून टोचायचा. रत्नाबाईंच्याही मनात काहीतरी होतं. कधी कधी त्या बोल्ट हातात धरून नुसत्याच बसायच्या.

२००५ चा दसरा बुधवारी आला. बारा ऑक्टोबर. रत्नाबाईंचं विमान शुक्रवारी होतं. शेवटचा राहिलेला रेडिएटर मंगळवारी संध्याकाळी बसला, आणि शरयू तेव्हाच किल्ली फिरवणार होती, तर रत्नाबाई म्हणाल्या, "उद्यावर आलाय दसरा. सकाळच्या मुहूर्तावर कर." रस्त्यावर न्यायचा तीन दिवसांचा कच्चा परवाना यतीनने आणून ठेवला होता. गिरीशचा फोन येऊन गेला होता की पाचला ट्रेलर घेऊन येतो, वहिनींना राग नसावा. आणि यतीनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

सकाळी गॅरेजमध्ये पाटावर शरयूची सगळी हत्यारं मांडलेली होती. पाने, पकडी, हातोडी, सगळं धुऊनपुसून. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. रत्नाबाईंनी आरती केली. आज हत्यारांना सुट्टी, सूर्य मावळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. शरयूला त्याची फिकीर नव्हती. आज फक्त किल्ली तर फिरवायची होती.

तिने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, दोनदा खोकलं, आणि कार्ब्युरेटरमधून फाडकन ज्वाळेची एक उचकी आली. यतीन भिंतीला चिकटला. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बॅटरीचा आवाज उतरला, तशी शरयूने हात मागे घेतला.

ती सीटवर डोळे मिटून बसली. दारात उभ्या असलेल्या दोघांना वाटलं, हिचं अवसान गेलं. ती ऐकलेला आवाज पुन्हा ऐकत होती. पेट्रोल येतंय. हवा येतेय. ठिणगीही पडतेय, पण भलत्याच वेळी. आणि मग तिला हसूच आलं. अकरा वर्षं डिझेल इंजिनं, त्यांना ठिणगी लागतच नाही. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर तिने पुस्तकात बघून बसवला होता, आणि नेमका अर्धी फेरी उलटा बसवला होता. दहा मिनिटांचं काम. एक बोल्ट सैल करायचा, उचलायचा, अर्धा फिरवून परत ठेवायचा.

"काय लागेल?" यतीनने विचारलं.

"नऊ सोळांशचा पाना," शरयू म्हणाली, आणि तिघांनीही पाटाकडे बघितलं. तो मधोमध होता. त्याच्यावर सगळ्यात मोठं फूल होतं.

"मी दुकानातून नवा आणतो," यतीन म्हणाला. "अर्ध्या तासात येतो."

"थांब. राहू दे," शरयू म्हणाली. "संध्याकाळी बघू." संध्याकाळ म्हणजे पाचनंतर, आणि पाचला ट्रेलर, हे तिलाही कळत होतं. पण नवा पाना आणला तरी तो हत्यारच, आणि आजच्या दिवशी सासूच्या डोळ्यांदेखत ते चालवायला तिचा हात धजेना. देवाचं काय ते देव बघून घेईल, या माउलीने पाच महिने पहाटे उठून आपल्याबरोबर तेलात हात घातलेत.

रत्नाबाई पुढे आल्या. "कुठला पाना?"

"असू दे, आई."

"कुठला, विचारते मी."

शरयूने बोट दाखवलं. रत्नाबाईंनी तबकातल्या चार अक्षता उचलून पाटावर टाकल्या, नमस्कार केला, आणि तो पाना दोन बोटं उत्तरेला सरकवला. पूजा उतरवताना देव हलवतात तसा. मग उचलून पदराला पुसला आणि शरयूच्या हातात दिला.

"आई, सूर्य मावळायचाय ना अजून?" यतीन म्हणाला.

"इथला मावळायचाय. सातारला मावळला केव्हाच," रत्नाबाई म्हणाल्या. "तू बाजूला हो, तिला उजेड येऊ दे."

पाना हातात घेताना शरयूच्या बोटांना कुंकू लागलं आणि तेच बोल्टाला लागलं. दहा मिनिटं म्हणाली होती, सातच लागली. ती सीटवर बसली आणि तिने किल्ली फिरवली.

तो आवाज लिहून दाखवता येत नाही. आधी एक खोल गुरगुर आली, मग आठही सिलिंडर एका सुरात लागले आणि फडताळावरचे डबे नाचायला लागले. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. शरयू कान देऊन बसली. पहिला, दुसरा, तिसरा, पाचव्याला थोडी कुरकुर, बाकी स्वच्छ. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. इतकी सुखी ती या देशात कधी झाली नव्हती, आणि तसं तिने मोठ्याने म्हटलंही, पण आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

यतीनने खिशातून फोन काढला. "गिरीशला सांगतो," तो तिच्या कानाशी ओरडला.

"काय?"

"ट्रेलर नको आणूस. जेवायला ये."

गाडी तीन रंगांची होती, सीटांवर चादरी टाकल्या होत्या आणि हेक्टरच्या यार्डातला सायलेन्सर नावापुरता होता. रत्नाबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या, पदर आवरला, दार स्वतः ओढून घेतलं. कॉलनीला एक चक्कर मारून परत यायचं, असं ठरलं. नोव्हा गॅरेजमधून बाहेर पडली, सिमेंटवरून उतरली आणि रस्त्याला लागली. लोक खिडक्यांत आले. एका म्हाताऱ्याने चालता चालता थांबून टोपी काढली.

दुसऱ्या गल्लीत शरयूला काय झालं कोण जाणे. जीभ दोन पावलं पुढे गेली म्हणायची.

"आई, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता."

"काय?"

"राग आला होता," शरयू ओरडली. या गाडीत हळू बोलायची सोयच नव्हती. "तुम्ही बोल्ट धुतलेत तेव्हा. भयंकर राग. बाथरूममध्ये रडले मी."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि सून सासूवर पहिल्यांदाच ओरडत होती, तेही भर रस्त्यात, दसऱ्याच्या दिवशी. रत्नाबाईंनी काचेतून समोर बघत सगळं ऐकून घेतलं.

"माहीत होतं मला," त्याही ओरडल्या. "पाच महिने वाट बघतेय मी, तू कधी बोलतेस त्याची. चुकलंच माझं. फार चुकलं. पण तू 'छान झालंय' म्हणालीस, आता मी माफी तरी कशी मागू?"

शरयूला इतकं हसू आलं की तिला गाडी हळू करावी लागली. रत्नाबाईही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. समोर घराकडे वळायचा कोपरा आला.

"अजून आहे का काही मनात?" रत्नाबाईंनी विचारलं.

"आहे थोडं."

"मग वळू नकोस, सरळ घे," रत्नाबाई ओरडल्या. "मी शुक्रवारपर्यंत आहे इथे."

शरयूने पाय दाबला.